विसर्ग

केसपेपरच्या मागे डॉक्टर तांबोळींनी
बॉलपेनने डोळा काढला, त्यात एक कोपरा,
कोपऱ्यात बारीक जाळी.
"पाणी इथे तयार होतं, इथून निचरतं.
निचरा मंदावला की दाब वाढतो."
म्हटलं, बाई, पुढचं मला ठाऊक आहे.
एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलीत,
मुठा उजवा कालवा, कोस न् कोस पायी.

जाळीत काय अडकतं ते मला विचारा.
जलपर्णी, चपला, निर्माल्याच्या पिशव्या,
एकदा आख्खी गादी.
पण गडी उतरायचे, आकडे टाकून ओढायचे,
पाणी पुन्हा वाहतं व्हायचं.
इथे, त्या म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही.
आहे ते राखायचं.

तेव्हापासून फ्रिजच्या दारात
कढीपत्त्याच्या डबीला टेकून माझी बाटली.
रात्री नऊ. मान मागे,
खालची पापणी ओढून तिचा खिसा करायचा,
उजव्यात एक थेंब, डाव्यात एक,
मग नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून
दोन मिनिटं गप्प.

खालचे पानसे म्हणतात, काढून टाका की,
हल्ली वीस मिनिटांत होतं.
तो मोतीबिंदू. हा काचबिंदू.
आडनाव एक म्हणून भाऊबंद होत नाहीत, पानसे.

वाटलं होतं, अंधार दिसेल.
अंधार नाही, काळा डाग नाही.
ताटात कोशिंबीर नव्हती, एवढंच.
चटणी नाही, लिंबाची फोड नाही.
मी चिडलो, डावी बाजू वाढायची पद्धत गेली का या घरातून?
कुमुदने काही न बोलता
ताट फिरवलं.
गाजराची कोशिंबीर, वर दाण्याचं कूट.
इतका वेळ तिथेच होती.

दर सहा महिन्यांनी एरंडवण्यात
पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकायची.
एक डोळा झाकलेला, हातात बटण.
दिवा दिसला की दाबायचं.
दिवे कसले, काजव्यांची पिल्लं,
आणि मधेच लांबच लांब काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत घाम फुटतो.
लागलाच नाही, की मलाच?
म्हणून चार वेळा अंदाजाने दाबलं.
"काका," अस्मा म्हणाली, "मशीनला कळतं हं."
आणि खरंच, कागदावर छापून आलं,
दिवा नसताना दाबलेलं, टक्क्यांसकट.

एक्क्याण्णवच्या जुलैत, एका रात्री,
पोरीला गोवर निघाला होता,
मी गेज न बघता वही भरली.
घरी बसून. तासाला दोन बोटं, अशी.
काही झालं नाही, कोणाला कळलं नाही.
कुमुदलाही न सांगितलेलं मी त्या अंधाऱ्या खोलीत
अस्माला सांगून टाकलं.
ती म्हणाली, "बरं. आता दुसरा डोळा."

आकडे अजून वहीत लिहितो.
मार्च अठरा. सप्टेंबर चौदा.
जानेवारीत एकवीस, तेव्हा दुसरी बाटली आली, सकाळ-संध्याकाळ.
पापण्यांचे केस मात्र औषधाने नटासारखे लांब झालेत.
नात हसते.

सासवडला त्र्यंबकला फोन लावला.
भावाला असलं की भावाने तपासून घ्यावं.
तो म्हणाला, मला अगदी स्वच्छ दिसतं.
मलाही स्वच्छच दिसत होतं रे.
मग बराच वेळ फोन नुसता चालू,
पलीकडे त्याच्या कुकरची शिट्टी.

शाळेत विसर्ग म्हणजे दोन टिंबं, एकाखाली एक,
शब्द संपताना सोडलेला श्वास.
खात्यात गेलो आणि विसर्ग म्हणजे दारं उघडणं झालं.

नऊ वाजून गेलेत. कोपरे दाबून बसलोय.
कुमुद मोबाईलवरून वाचून दाखवते,
खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल बंद.
आकडा सांगते.
रात्रीतून आणखी वाढवतील, हे मला इथे बसून कळतंय,
पण बोलायला अजून चाळीस सेकंद आहेत.