चढाची खूण

लॅपटॉप शिरीनचा, जुना. एनच्या बटणाची टोपी उडालेली,
खाली नुसता रबराचा ठिपका.
आधी तोच दाबायचा.
"त्याच्याशिवाय सूर लिहिले जात नाहीत, भानुकाका,
तुम्ही नुसतं इकडंतिकडं फिरत बसाल."

आषाढ सरत आलाय. लग्नं बंद.
मंगळवार पेठेतल्या आमच्या खोलीत
लाल कोट डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत,
ट्रंकेवर लॅपटॉप, शेजारी इलाहीच्या सात वह्या,
खताच्या पिशवीत गुंडाळलेल्या,
तरी कडेनं वाळवीनं चाखलेल्या.

चाळीस वर्षं मी क्लॅरिनेट फुंकलं,
लिहिलं कधीच नाही. लिहायचा इलाही.
सा रे ग म, वर टिंब, खाली टिंब,
आडवी रेघ, उभी रेघ, आणि समासात कधी
गोडेतेल दोन किलो, शिरीनची फी.

इथं सगळं उलटं.
आधी सांगायचं सूर किती वेळ राहणार,
मग सांगायचं कुठला.
पाच दाबला तर एक मात्रा, चार दाबला तर अर्धी.
मला पटेना. आम्ही आधी सूर धरायचो,
तो किती राहील ते नवरदेवाच्या मामावर,
नोटा कुठवर उडवतोय त्यावर.

शिरीन हसली. म्हणाली, इथं मामा नाही.

सा मांडला एका रेघेवर,
आणि वाद्यांच्या यादीत क्लॅरिनेट निवडलं
तसा सगळा कबिला एक पायरी वर सरकला.
मी हात मागं घेतला. वाटलं, काहीतरी मोडलं.

रिकामं घर तो ठेवत नाही.
काही वाजवलं नाही तर आपणच विराम मांडतो,
काळा, खुंटीला टांगलेल्या टोपीसारखा.
चार मात्रांचं घर चार मात्रांनीच भरणार,
पतपेढीतल्या कारकुनासारखा पक्का.
युफोनियमची ओळ अशीच
टोप्या टांगून उभी होती पहिले तीन दिवस.
तिला हात तिनं लावला नाही, मीही नाही.

चौथ्या दिवशी तिनंच वही उघडली.
वाचायची ती, दाबायचो मी.
म ग रे. चुकलं, मागं या. ग ला बारकी रेघ आहे, कोमल.
एका संध्याकाळी नऊ घरं.
चहा दोनदा गार झाला.

मग एका जागी थांबली. "हे काय? पाखरासारखं?"
सुराच्या डोक्यावर निळ्या पेनाची खूण.
पुढच्या ओळीत पुन्हा.
सातव्या वहीत तर थवाच.

मला बोटांनी आधी आठवलं.
मोती चौकातून वरात निघते ती मजेत,
राजवाड्यापाशी घोडा पाणी पितो,
आणि समर्थ मंदिराकडं रस्ता चढायला लागतो.
तिथं, बरोबर तिथं, इलाहीचा दम संपायचा.
एवढं पितळ छातीवर घेऊन चढायचं, वर फुंकायचं.
मी माझा एक सूर लांबवायचो,
तेवढ्यात तो हवा भरून घ्यायचा.
नाचणाऱ्यांना कधी कळलं नाही.
मला वाटायचं, ही आमची तोंडी गोष्ट आहे.
त्यानं लिहून ठेवलेली.

शिरीन काही बोलली नाही. डावीकडच्या पट्टीत शोधत राहिली.
सापडली श्वासाची खूण: नुसता स्वल्पविराम.
ओढून सुरावर सोडला. वाजवून पाहिलं.
यंत्र थांबलं नाही,
चढ लागला तरी त्याच चालीनं वर गेलं.
"याला सांगावं लागतं, किती थांबायचं."
एक चौकट उघडली. सेकंदात आकडा मागत होती.

मी डोळे मिटले. हातात काही नव्हतं,
तरी बोटं ठेवली भोकांवर,
आणि तो सूर लांबवला.
ती माझ्या तोंडाकडं बघत मोजत होती.
थांब, हातानं खुणावलं, एवढ्यात नको टाकू.
तो आत्ता कुठं वळणावर आलाय.