वीस बाजूंचा फासा

वांद्र्याच्या गेमिंग कॅफेत
मी जादूगारीण होऊन बसले, तर
समोरच्यानं आधी आडनाव विचारलं.
माझं. जादूगारणीचं नाही.
मग म्हणाला, एल्फ एवढी काळी नसते.
किती पाहिल्यास रे तू?

आता दर रविवारी कन्नमवार नगरात
रात्रपाळीहून आलेली उत्पला
डोळे चोळत आमच्यावर राक्षस सोडते.
नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर,
फासा ताटात टाकायचा, नाहीतर कपाटाखाली जातो.
डोंगरीची शबरीन सिद्दी दोन बस बदलून येते;
तिच्या राणीला तिनं स्वतःचेच केस दिलेत.
सात जणी, खुर्च्या चार.

परवा एक नवी आली, दारातच थांबली,
आडनाव सांगायला तोंड उघडलं
तोच उत्पला म्हणाली, ते राहू दे,
शस्त्र कोणतं घेतेस?