ळ

छापखान्यात आता पत्रिका हिंदीतच निघत.
खण रिकामे करताना भाऊंच्या हाताला लागले
झिजून गुळगुळीत झालेले क, र, म,
काडीसारखा उरलेला काना,
आणि एका खणात, वीस वर्षं कुणी न उचललेले, ळ.
कडा शाबूत. बोटाला टोचणारे.
"चिमट्याने वेचत बसू नकोस," भाऊ म्हणाले,
"सगळेच केरबाकडे घाल."

केरबा ओतारी जनकगंजात, बोळाच्या तोंडाशी.
बाप देव ओतायचा, हा गोळ्या ओतायचा,
चांदमारीवर रविवारी जाणाऱ्या हौशी लोकांच्या.
मे महिना. किल्ल्याचा खडक दिवसभर तापून
रात्री आमच्यावर श्वास सोडायचा,
आणि हा त्यात शेगडी पेटवून बसलेला, उघडा,
कपाळाला ओला पंचा.

आधी जुन्या नळाचं शिसं.
"नख लाव." लावलं. नखाची चंद्रकोर उमटली.
"असल्या गोळीची सालटी नळीत बसतात.
दहा बार झाले की बंदूक तोतरं बोलते."
मग माझ्या पिशवीतला एक ळ ऐरणीवर, हातोडी:
खळ्ळ. दोन तुकडे.
"ह्यात सुरमा आहे. नुसतं हेच ओतलं तर ताठा फार.
नळीला अंग लावत नाही, मागची आग बगलेतून पळते."
चार वाट्या नळ, एक वाटी अक्षरं,
झाळणाच्या कथलाची वीतभर तार,
आणि वरून मूठभर छर्रे.
"छर्रे कशाला?"
"त्यात सोमल असतो, चिमूटभर. पाण्याची भाषा त्यालाच कळते."

ळ बुडाले नाहीत.
शिशाच्या आरशावर तरंगत राहिले थोडा वेळ;
उलटा काय, सुलटा काय, जवळपास सारखाच दिसणारा ळ.
मग एकेकाचं पोट सैल झालं.
केरबाने मेणबत्तीचं बूड टाकलं, ढवळलं,
धूर, मळी, आणि खाली लखलखीत काहीतरी,
वाचता न येणारं.

(माझ्या शाळेच्या दाखल्यावर पिंगले आहे.
मास्तरांनी विचारलं होतं, ये कौन सा अक्षर है,
आणि भाऊ, छापखान्याचे मालक,
चालेल म्हणाले होते.)

पहिली गोळी सुरकुतली, साचा थंड होता.
ती त्याने माझ्याकडे फेकली.
मग निम्म्या गोळ्या घडी घातलेल्या गोणपाटावर,
निम्म्या साच्यातून थेट बादलीत:
चुस्स, चुस्स, चुस्स.
बादली लांब, शेगडीच्या खालच्या पायरीवर,
कढईत पाण्याचा एक थेंब उडाला
तर डोळे जातील म्हणून.

तासाभराने मी कंपासपेटी उघडली.
एच-बीचं टोक दोन्ही ढिगांवर ओरखडा काढत होतं.
"मग फरक काय?"
"आठ दिवसांनी ये."

आठ दिवसांनी गोणपाटावरची तशीच, एच-बीला वश.
बादलीतलीवर एच-बी घसरली, एच घसरली,
टू-एच लागली, तीही दाबून.
कुणी हात लावला नव्हता. नुसत्या डब्यात पडून होत्या.
"पाण्यात जो दचकतो," केरबा म्हणाला,
"त्याला आत जागा शोधायला वेळ लागतो.
बाहेरून गार, आतून अजून हलतंय. हलता हलता आवळतं."
"कायम?"
तो हसला. तंबाखूची गोळी गालातून गालात.
"शिसं आहे पोरा. वर्षं गेली की सैलावतं.
म्हणून ओतलेलं लवकर वापरावं."

त्या रविवारी चांदमारीच्या भिंतीआड
आम्ही पोरं कान झाकून बसलो.
बार थांबले तशी माती उकरायला धावलो,
किलोमागे केरबा दोन रुपये देई.
नळाच्या शिशाच्या गोळ्या कुत्र्याच्या छत्रीसारख्या पसरलेल्या.
आमच्या मात्र जवळजवळ अख्ख्या,
नाकाला थोडा चेप.

एक मी दातांत धरून पाहिली.
दात उमटला नाही.
भाऊंनी विचारलं, काय चावतोयस रे,
आणि मला उत्तर सुचेना,
कारण तोंडात ळ होता, आणि
थुंकायचा की गिळायचा ते ठरत नव्हतं.