मदतीने

यावलच्या पंचायत समितीत, मे महिन्यात,
कूलरात पाणी ओतायला एक शिपाई नेमून
आम्ही बावीस शिक्षक तीन दिवस बसलो
तिसरीच्या मुलाला शब्दांत पकडायला.

स्तर चार ठरलेले होते. नावंही वरून आलेली.
आम्ही फक्त लिहायचं होतं
कुठल्या स्तराचं मूल काय करतं,
आणि कुठल्या गुणाला ते उठून
पुढच्या बाकावर जातं.

पहिला अर्धा दिवस क्रियापदात गेला.
"वाचतो" की "वाचू शकतो"?
भंगाळे मॅडम म्हणाल्या, शकतात तर सगळेच,
साहेब भेटीला आले की माझा वर्ग इंग्रजीही शकतो.
"वाचतो" राहिलं.
कुणीतरी "वाचते"चं विचारलं,
तेवढ्यात चहा आला.

तज्ज्ञ मॅडम पुण्याच्या. आवाज मऊ, मार्कर तीन रंगांचे.
म्हणाल्या, डोळे मिटा.
उंबरठ्यावरचं मूल आठवा,
जेमतेम तिसऱ्या स्तरात पोचलेलं,
एक प्रश्न चुकला तर परत खाली.
बावीस जणांनी डोळे मिटले. एकाचा ढेकर ऐकू आला.
आणि माझ्यासमोर जैतून तडवी उभी राहिली,
एक पाय वर्गात, एक बाहेर,
काल घरी नेलेला खडू परत द्यायला आलेली.

जैतून वाचते. ओळीखाली बोट ठेवून वाचते.
जोडाक्षरापाशी थांबते,
रस्त्यात म्हैस बसलेली असावी तशी,
मग वळसा घालून पुढे जाते.
छापलेलं असतं केळी, ती वाचते केयी.
छापलेलं असतं डोळा, ती वाचते डोया.
अर्थ विचारा, बोट नेमकं डोयावर.

मी हात वर केला. "अचूक वाचतो"मध्ये
केयी बसते का?
नेहेते सर कडक. ळ म्हणजे ळ,
मापच सैल सोडलं तर मोजायचं कशाला?
त्यांचंही खोटं नव्हतं.
वाद जेवणापर्यंत पुरला.
पंगतीत तेच नेहेते सर वाढणाऱ्या पोराला म्हणाले,
"भो, दोन केयी दे बरं इकडे."
कुणी हसलं नाही. हसलो असतो
तर बावीसच्या बावीस एक स्तर खाली गेलो असतो.

दुपारी शब्द बदलला: "समजून वाचतो."
आणि त्याच्या खालच्या स्तरात: "मदतीने वाचतो."
तिथे माझं पेन अडलं.
मदतीने, म्हणजे कुणाच्या? किती?
ओळीवर माझी सावली पडते म्हणून मी सरकतो, ती मदत का?
पुढचा शब्द तोंडात धरून गप्प राहतो, ती?
ती अडली की मी नुसता खोकतो.
तेवढ्यावर ती निघते.
खोकल्याला रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्या. पंचवीसपैकी किती?
मी सतरा लिहिलं. जैतूनला सतरा पडतील असं वाटलं,
दुसरं शास्त्र माझ्याकडे नव्हतं.
चिठ्ठ्या ओळीने लावल्या, मधल्या दोन धरल्या.
दोन्हींवर अठरा.
टाळ्या. भत्त्याच्या कागदावर सह्या.

फेब्रुवारीत परीक्षा झाली.
जैतून नव्हती. मावशीच्या लग्नाला गेलेली.
तक्त्यात तिच्या नावापुढे: गैरहजर, स्तर नाही.
चारांच्या बाहेरचं हे पाचवं घर
आम्ही लिहायचं विसरलो होतो.

सोमवारी आली. कोपरापर्यंत मेंदी.
प्रश्नपत्रिका सीलबंद होऊन गेल्या होत्या.
मी साधं पुस्तक उघडलं.
बोट निघालं, चाललं,
त्या शब्दापाशी थांबलं.
खोकला घशाशी आला, मी गिळला.

"केळी," ती म्हणाली.
ळ असा, की नेहेते सरांनी उभं राहून ऐकावा.

कुठे शिकलीस गं?

"लग्नात नाशिकची मामी होती ना सर,
ती असंच म्हनते."
आणि बोट पुढच्या ओळीवर.