होडीतून दिसेल असं अक्षर

बर्फाच्या कारखान्याची बंदराकडची भिंत.
आधी तिच्यावर तंबाखूची जाहिरात होती, मीच काढलेली,
मग दोन निवडणुका, त्याही मीच.
निर्मला खवळे सरपंच झाली, त्या महिन्याच्या अखेरीस
वहीचं फाडलेलं पान घेऊन आली.
"बाबल, ह्या लिही. अक्षर असा काढ,
होडयेतसून वाचूक गावाक व्हया."

मी पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग डबा उघडला.

मानधन चार हजार. हातात आले दोन.
शासनाचा हिस्सा येणे.
बैठक भत्ता दोनशे.
ओरोसला एसटीने तीन खेपा,
पैकी एक फुकट गेली, साहेब रजेवर.
झेरॉक्स एकशे दहा.
भिकू सारंगांच्या मयताला हार, साठ.
क्रिकेट मंडळाची पावती, पाचशे एक.
रंग आणि बाबल पेंटर, सातशे.

गावाची नावं रंगवण्यात हयात गेली,
स्वतःचं लिहिताना हात हलतो
हे मला पन्नाशीत कळलं.

बांगड्याच्या टोपल्या तशाच डोक्यावर ठेवून
बायका उभ्या राहून वाचत होत्या.
अनंतशेटच्या गाडीची किंमत
पंधरा वर्षांत कुणी विचारली नव्हती,
हिचे एकशे दहा मात्र सगळ्यांना टोचले.
"तालुक्याक दोन रुपयांत पान मारून गावता,
ही खंय गेल्ली?"

तिसऱ्या दिवशी सारंगांचा थोरला आला,
डोक्यावरचे केस अजून उगवायचे होते.
"बापाशीचो हार भिंतीर लावलंस? साठ रुपयांक?"
आणि साठ रुपये तिच्या हातावर मोजले.
तिने घेतले.
पुढच्या महिन्यात मी लिहिलं: जमा साठ.
पुढे कुणाचं नाव नव्हतं.
तर लोक म्हणाले, बघा, लपवायला लागली.

हसीना होडेकर बर्फाच्या लादीवर टोचा मारता मारता म्हणाली,
"नाव घातला तर लाज, नाय घातला तर चोरी.
तू बाय ह्या गणितात पडलंस कशाक?"
निर्मला हसली नाही. पावत्या दोऱ्यात ओवत होती,
गजऱ्यासारख्या नव्हे,
सुक्या बोंबलासारख्या.

नोव्हेंबरच्या पानावर एक ओळ होती:
जेटीच्या ठेकेदाराचं पाकीट. न मोजता परत. साक्षीदार नाही.
"न मोजता"पाशी माझा ब्रश थांबला.
"मोजलंस नाय?"
"मोजला असता तर जीव अडाकलो असतो."
मी ती ओळ इतरांएवढीच काढली.
जाड नाही, बारीक नाही.

चौथ्या रात्री ठेकेदाराचा माणूस आला.
चुना त्याचा, बादली त्याची,
हात माझा.
मुलाची कॉलेजची फी भरायची होती, हे मी सांगू शकतो,
पण ती महिनाभराने होती.
भरतीचं पाणी धक्क्याला लागत होतं.
मी खालून सुरुवात केली, पाकिटापासून.
तीन हात मारले.

ऑइल पेंट चुन्याखाली मरत नाही,
हे मला माहीत होतं. त्याला नव्हतं.
उजाडलं तेव्हा आकडे आत दिसत होते,
पाण्याखाली मासळी हलावी तसे.

निर्मला आली, उभी राहिली,
बोटाने चुना खरवडून वास घेतला, गेली.
पोलीस नाही, सभा नाही.
महिनाअखेरीला पान घेऊन नेहमीसारखी हजर.
मानधन, येणे, एसटी, झेरॉक्स.
(झेरॉक्स या वेळी साठ. तालुक्याला मारून आणली होती.)

सगळं उतरवलं.
मग शिडीवरून एक पायरी खाली येऊन
पानावर नसलेली एक ओळ लिहिली:
बाबल पेंटर, चुना मारण्याचे, आठशे.

होड्या आत येत होत्या.
रंगाच्या वासाने तिने नाकाला पदर लावला,
ओळीखाली बराच वेळ उभी राहिली.
मी शिडीवरच.

मग मान वर करून म्हणाली,
"आठशेच?"