बर्फ कारखान्याचा संघ

पाठीवर नंबर, छातीवर बर्फाची लादी छापलेली,
खाली बारीक अक्षरात : ओस्तवाल आईस, जिंतूर रोड, परभणी.
सहा गावांची हॉकी लीग. मॅचला बाराशे,
जिंकलो तर पंधराशे,
हरलो तर खदीर सरांच्या शिव्या.
त्या मात्र कधी थकल्या नाहीत.

जायचो बर्फाच्याच टेम्पोतून.
खाली ओला भुसा, वर पोती, पोत्यांवर आम्ही चौदा जण.
वसमत येईस्तोवर सगळ्यांची बुडं गार.
जगदीपसिंग म्हणायचा, अमोनियाचा वास आला की
मला गोल दिसायलाय बघ.
दिसला त्याला. अख्ख्या सीझनात चार वेळा.

मी गोलकीपर. माझे पॅड तिसऱ्या मालकाचे.
आतल्या बाजूला कुणीतरी पेनानं लिहिलंय, विजय.
नाव आहे का नवस,
कळायला मार्ग नाही.

उदगीरला पाच शून्य.
हिंगोलीला काय झालं ते सांगत नाही.
वसमतचं मैदान आदल्या दिवशी लग्नाला दिलेलं,
मांडवाचे खड्डे तसेच.
मी पडलेला, गोल उघडा,
आणि चेंडू येता येता एका खड्ड्यात बसला.
त्या घरच्या नवरीला सुखी ठेव रे बाबा,
आम्ही एक शून्यनं जिंकलो.

जानेवारीत व्यंकट घोगरेचा गुडघा गेला.
लोह्याचा पोरगा, पेनल्टी कॉर्नर असा मारायचा
की फळीचा आवाज आधी आणि चेंडू नंतर.
रात्रभर टेम्पोत त्याचा पाय बर्फात धरून बसलो.
बर्फ फुकट होता आपल्याला.
तेवढं खरं.

मार्च लागला. शेठ मैदानावर यायचे बंद झाले.
सीझन सुरू झाला रे पोरांनो, म्हणाले,
आणि आमचा संपत आलेला.
टेम्पो रसवंत्यांच्या फेऱ्यांना लागला.
जालन्याच्या शेवटच्या मॅचला आम्ही एसटीनं.
कंडक्टरनं माझ्या पॅडचं अर्धं तिकीट फाडलं.
कामून? म्हणलं.
सीट अडवलंय, म्हणाला.

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी स्ट्रोक.
उजवीकडं गेलो, काही न ठरवता,
आणि चेंडू त्याच अर्ध्या तिकिटाच्या पॅडला लागून बाहेर.
बघायला अठ्ठावीस माणसं.
त्यात तो कंडक्टर, गाडीला वेळ होता म्हणून आलेला.
शिट्टी त्यानंच मारली, डबल बेलसारखी.

सहात पाचवे आलो.

हिशेबाला गेलो तर तीन मॅचचे बाकी.
पैसा अडकलाय, शेठ म्हणाले, लाद्या घेऊन जा.
एप्रिल. बेचाळीस अंश. वीस लाद्या.
हातगाडी भाड्यानं घेतली, वर पोती टाकली,
आणि माझा पगार शिवाजी चौकापासून
रस्त्यावर ठिबकत निघाला.
भाव करायला उभं राहावं तर आणखी कमी होतो.
रसवाल्यांनी निम्म्यात घेतल्या.
व्यंकटच्या वाट्याची त्याच्या भावाकडं पोचवली,
तो म्हणाला, आता सूज नाही, पण ठेवा.

एक लादी उरली. घरी आणली, ओट्यावर टाकली.
गल्लीतली पोरं गोळा झाली, जिभा लावून झाल्या.
मग माझ्या सम्यकनं सोड्याच्या बाटलीचं झाकण ठेवलं वर
आणि कुल्फीची काडी घेतली हातात.
बाबा, तुम्ही तिकडं उभे राहा.

राहिलो. उकिडवा बसून, तळवा आडवा धरून.
झाकण सुटलं,
असं सरळ, असं बिनआवाजाचं,
आमच्या कुठल्याच मैदानावर चेंडू कधी गेला नाही तसं,
आणि माझ्या बोटांखालून ओट्याखाली.

पोरं नाचायला लागली.
तो मात्र माझ्याकडं बघत होता,
मी सोडलं का गेलं, ते बघत.