जीव, सहा नग

पोलीस पडताळणीला आलेला हवालदार
भोपळ्यावरच बसणार होता.
अब्बूंनी हात धरून त्याला स्टुलावर बसवलं.
"मुलगी कुठं चाललीय?"
"ग्राझला."
"ते कुठंशी आलं?"
"लांब," अब्बू म्हणाले,
आणि त्यानं तेवढंच लिहून घेतलं असतं,
मी ऑस्ट्रिया म्हणाले नसते तर.

तीन महिने
सतारीला पडदे बांधावेत तसा
एकेक कागद बांधत गेले.
विभागाचं ना-हरकत, गाईडची सही,
मग ती सही खरी असल्याची सही.
पासपोर्टात माझ्या नावात दोन ई, पदवीवर एक आय :
एका अक्षरापायी नोटरीपुढं शपथ घेतली
की या दोघी मीच आहे.
पुण्याला जाऊन दहाही बोटं काचेवर ठेवली.
तार दाबून दाबून गुळगुळीत झालेलं डावं बोट
मशीननं तीनदा नाकारलं.

विद्यापीठात परदेश दौऱ्याचं टेबल
सुलभा चिवटे मॅडमचं.
त्या स्वतः गोव्यापलीकडं गेलेल्या नाहीत.
"इनहेलर हातातल्या पिशवीत. डॉक्टरांचं पत्र त्याच्यासोबत.
लॅपटॉपात लोकांची रेकॉर्डिंगं आहेत ना,
ज्यांची परवानगी नाही ती इथंच ठेव.
विमा उतरवलास? दाखव.
काही झालं तर पहिला फोन कुणाला?"
मी अब्बूंचा नंबर सांगितला.
"उचलतात का ते?"
जवारी लावत असले तर नाही.
मग समोरच्या बागवान चाचींचा लिहिला.

अडलं ते घोडीपाशी.

तिकडच्या प्रयोगशाळेत मोजायची होती
आमच्या दादाजींच्या हातची घोडी,
साबरशिंगाची, पिवळसर,
चार तारांनी चार जागी झिजलेली.
मॅडमनी चष्मा काढला.
"शिंग? मग विषय संपला.
तुमच्या घरात किती वर्षं आहे हे
कस्टमवाला विचारत नाही, कायदाही नाही."

रात्री जेवताना अब्बू म्हणाले,
"मोज्यात गुंडाळून ने. सुपारीएवढी चीज.
कोण बघतंय?"
मी म्हणाले, मी बघतेय.
भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला.
अम्मीनं विनाकारण पाण्याचा तांब्या हलवला.

शिसवी करावी तर शिसवाचाही परवाना.
उंटाचं हाड म्हणजे पुन्हा प्राण्याचा दाखला.
शेवटी फायबर.
ज्याला अब्बू आजवर प्लॅस्टिक म्हणत आले,
आणि पुण्याच्या गिऱ्हाइकांनी मागितलं तर
दुसरं दुकान दाखवत आले.

तीन रात्री कानस चालली.
पहिल्या रात्री आवाज डब्यासारखा.
दुसऱ्या रात्री ते घोडीशी भांडले, मोठ्यानं,
नाव घेऊन, जसं एखाद्या मंद पोराशी.
तिसऱ्या रात्री अडीचला मला उठवलं.
खर्ज छेडला.
गल्लीतलं कुत्रं उठून बसलं
आणि सूर बराच वेळ
कुठं जायचं ते ठरवत राहिला.
"शिंगाचा नाही हा," ते म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
"पण खोटाही नाही."

सकाळी त्यांच्या लेटरहेडवर पत्र :
घोडी एक, कृत्रिम पदार्थ, वजन बेचाळीस ग्रॅम,
विक्रीसाठी नाही, संशोधनानंतर परत.
सही मराठीत, शिक्का वाकडा.

आणि जीव.
तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवायचा तो सुती धागा,
ज्याच्याशिवाय तंबोरा नुसताच वाजतो.
मॅडम म्हणाल्या, "यादीत जीव लिहू नको गं बाई.
इंग्रजीत सुती दोरा. आखूड. सहा नग. किंमत शून्य."
तसं लिहिलं.
घरच्या वहीत अब्बूंनी मात्र
जीव, सहा नग, असं लिहून
किमतीचा रकाना मोकळा सोडला.

निघायच्या दिवशी, मिरज स्टेशनावर,
पाकीट उघडून पुन्हा मोजलं तर
सात निघाले.
मी सातवा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.
ते काही बोलले नाहीत.
गाडी हलेपर्यंत तो धागा
शर्टाच्या वरच्या गुंडीला गुंडाळत बसले,
बोटं जवारीला लावतात तशी,
सावकाश.